पन्नाशीच्या आसपास बॉलरूम शिकताना: तुमचे अनुभव लिहा

ज्यांनी या वयात बॉलरूम (वॉल्ट्झ, टँगो असे जोडीने करायचे पाश्चात्त्य नाच) शिकायला घेतलं, त्यांनी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करते.

आम्ही नवरा-बायको एकत्रच जातो. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, मोजायला अगदी सोपा. घोडं अडलं ते दिशेवर. त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर, डाव्या फऱ्याशी, आणि कुठे वळायचं ते ठरवणार तो! लग्न झाल्यापासून घरातले निर्णय मी घेत आलेय (हे तोही मान्य करतो), त्यामुळे त्याचं पाऊल पडायच्या आत मी वळलेली असायचे. बाईंनी मला डोळे मिटून नाचायला लावलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

*

मी एकटाच जातो. आमच्या वर्गात थोड्या थोड्या वेळाने जोड्या बदलतात, आणि माझ्या मते शिकणं त्यातच होतं. रोजची जोडीदार सवयीने सांभाळून घेते, अनोळखी बाई कशाला घेईल? रुम्बा मात्र अजून हुलकावणी देतो. त्यात पहिलं पाऊल दुसऱ्या मात्रेवर पडायला हवं आणि माझा पाय हमखास समेवरच उचलला जातो.

*

बुटांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. रबरी तळव्याचे बूट घालून वळू नका. तळवा जमिनीला चिकटून राहतो, अंग वळतं आणि पीळ बसतो गुडघ्याला. नाचाच्या बुटांना खाली स्वेड (लव असलेलं मऊ चामडं) असतं. ते बेताचं घसरतं, बेताचं धरतं. गुळगुळीत झालं की तारेच्या ब्रशने खरवडायचं. ते बूट घालून रस्त्यावर जायचं नाही, ओल लागली की स्वेडची वाट लागते.

*

आमच्याकडे पुरुष मोजकेच, म्हणून मी लीड, म्हणजे दिशा ठरवणाऱ्याची बाजू, शिकले. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. पार्टनर बराच वेळ पाठमोरी सरकते, तिला मागचं काही दिसत नाही, मोकळी जागा हेरायची ती आपणच. फॉलो करणारी केवढ्या भरवशावर पाऊल मागे टाकते, ते तेव्हा कळलं. आता दोन्ही करते. टँगोत मात्र लीडच! त्यात वॉल्ट्झसारखं वर-खाली होणं नाही, गुडघे वाकवून सरळ चाल. माझ्या स्वभावाला तेच मानवतं.

*

मी सोडलं. क्विकस्टेपला दम पुरेना आणि स्टेप्स पाठ होईनात. आता पोहतो, मजेत आहे.

*

पाठ मलाही होत नाहीत. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास आला होता. त्यात वरचेवर नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. ते नाचामुळेच, असं त्यावरून म्हणता येत नाही, पण लेक मला तोच अभ्यास ऐकवत असते. मी आपली फॉक्सट्रॉटसाठी जाते.

एक विचारायचंय. व्हिएनीज वॉल्ट्झ साध्या वॉल्ट्झच्या जवळपास दुप्पट वेगाचा, मला गरगरतं. काय करता?

*

एकाच बाजूला फिरत राहू नका. थोडी उजवी वळणं झाली की मध्ये चेंज स्टेप (वळणाची बाजू बदलायचं पाऊल) घेऊन डावी घ्या. आणि पोटभर जेवून जाऊ नका!