'लेडी मडोना'ची मागची बाजू खरंच फोर्टात रेकॉर्ड झाली होती का?

मंजिरी, डोंबिवली

बाबा गेल्या श्रावणात गेले. त्यांच्या तबकड्या आवरायचं काम मी अकरा महिने टाळलं, शेवटी परवा हात घातला. त्यात बीटल्सची 'लेडी मडोना' निघाली. ४५ची छोटी तबकडी, पार्लोफोनचं काळं लेबल. धाकटे काका बोटीवर होते, त्यांनी लंडनहून आणलेली. पण बाबांनी 'लेडी मडोना' क्वचितच लावली असेल. त्यांची आवडती मागची बाजू, 'दि इनर लाइट'. रविवारी दाढी करायला बसले की ती लागायची आणि गालाला साबण असतानाच ते म्हणायचे, "हे आपल्या फोर्टातलं आहे हं." त्यांची सगळी नोकरी फिरोजशहा मेहता रोडवरच्या एका विमा ऑफिसात झाली. आम्हाला वाटायचं, सरोद-बासरी आहे म्हणून कौतुकाने 'आपलं' म्हणतात.

लेबलवर फक्त बीटल्सचं नाव आणि खाली बारीक अक्षरात हॅरिसन. बाबा सांगायचे ते खरं होतं का? आणि वाजवलंय कोणी? हे आता मला कळायलाच हवं आहे.

अरविंद, गिरगाव

मंजिरी, तुझे बाबा अगदी खरं सांगत होते. रस्ताही तोच. एचएमव्हीचा स्टुडिओ फिरोजशहा मेहता रोडवरच होता.

बीटल्सच्या चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आला तो 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाच्या संगीतासाठी. चार-पाच दिवस इथल्या वादकांना घेऊन काम चाललं. ते उरकत आल्यावर, १२ जानेवारीला, त्याने आणखी काही तुकडे वाजवून घेतले. त्यातल्या एकावर हे गाणं उभं राहिलं. म्हणजे तू ऐकतेस तो वाद्यांचा सगळा भाग मुंबईचा. त्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, बाकीच्या तिघांपैकी कोणाचं एकही वाद्य नाही. टेप घेऊन हॅरिसन लंडनला परतला आणि ६ फेब्रुवारीला ॲबी रोडला त्यावर गायला. एवढ्या वरच्या पट्टीत आपल्याला जमेल का अशी त्याला धाकधूक होती. पॉलने धीर दिला. दोन दिवसांनी जॉन आणि पॉलने अगदी शेवटच्या ओळीला आवाज जोडले. १५ मार्चला तबकडी बाजारात. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं.

स्टुडिओची अवस्था मात्र साधी. इथे स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, म्हणून भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. (हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.) आवाज अडवायची काही व्यवस्था नव्हती. 'वंडरवॉल'च्या तबकडीत कान देऊन ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसनने नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. आणि त्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट मला फार आवडते. स्टुडिओ वर, खाली ऑफिसं. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा असा धडधडाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागे.

मी स्वतः चौतीस वर्षं साडेपाचला फोर्टातले जिने उतरलो आहे. तो आवाज मला माहीत आहे. पाच पस्तीसची गर्दी, व्हीटीकडे धावणारे लोक, आणि वर कोणीतरी सरोद मांडीवर घेऊन जिना शांत व्हायची वाट बघतंय.

केतकी, पुणे

वादकांबद्दल. बऱ्याच ठिकाणी 'दि इनर लाइट'ची बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि सरोद आशिष खाँचं असं लिहिलेलं असतं. पण नोव्हेंबर १९६८ मध्ये आलेल्या 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची यादी छापलेली आहे, ती जरूर बघा. तिथे बासरीसमोर नाव आहे एस. आर. केंकरे. संतूर शिवकुमार शर्मा, तारशहनाई विनायक व्होरा, हार्मोनियम रिजराम देसाद, तबला-पखवाज महापुरुष मिश्र, सरोदला आशिष खाँच. एका बीटलची ही पहिली स्वतंत्र तबकडी, बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचीही पहिलीच एलपी, आणि तिच्यावर केंकरे हे आपल्याकडचं आडनाव! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला हाक मारून दाखवलं होतं.

सिंगलवर मात्र एकाही वादकाचं नाव नाही. याचं मला वाईट वाटतं. लाखो घरांत ती तबकडी वाजली आणि बासरी कोणाची हे कोणालाच कळलं नाही. म्हणून 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून एकच मोठं नाव लिहून मोकळं होऊ नये. केंकऱ्यांचं नाव आपणच घेत राहायला हवं.

निखिल, नाशिक

शब्दांबद्दल थोडं. ते 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७व्या अध्यायावरून घेतलेले आहेत. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो (पेंग्विनसाठी गीता आणि उपनिषदांचं भाषांतर केलं तेच) यांनी हॅरिसनला ते सुचवले. भाव असा की दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं. आपल्याकडचं 'तुझे आहे तुजपाशी'.

मंजिरी, डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. अरविंदकाका, तुमचं साडेपाचचं वाचून मला रडू आलं. काल संध्याकाळी तबकडी पुसून लावली. दोन मिनिटं छत्तीस सेकंद. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. सरोद सुरू होताच गॅस बंद करून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

मग मी तिला जिन्याची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, त्या पावलांत बाबाही असतील. आई म्हणाली, नाही, ते नोकरीला लागले १९६९च्या जूनमध्ये, आमचं लग्न ठरायच्या आधी वर्षभर. म्हणजे दीड वर्षाने चुकले. पण तिला एवढं आठवतं की लग्नानंतर एकदा तिला फोर्टात नेलं तेव्हा बाबांनी रस्त्यावरूनच वरच्या मजल्याच्या खिडक्या दाखवल्या होत्या. कसल्या, ते तिने तेव्हा विचारलं नव्हतं.

केतकी, तबकडीच्या पाकिटात एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तू दिलेली नावं लिहिली आहेत, केंकऱ्यांचं सगळ्यात वर.