विकास शुल्क, विकास आकार, अधिमूल्य : कोणता शब्द कुठे?

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. पालिकेला भरायच्या रकमांच्या यादीत ‘विकास शुल्क’ आणि ‘अधिमूल्य’ असे दोन शब्द आहेत, एका जुन्या कागदावर ‘विकास आकार’ही दिसला. विकासक म्हणतात, सगळा करच, पालिकेलाच जातो. हे शब्द खरंच समानार्थी आहेत का?

– नाहीत. ‘कर’ तर म्हणूच नका. कर भरणाऱ्याला त्या पैशाच्या बदल्यात अमुक एक मिळालंच पाहिजे असं नसतं. शुल्कामागे काहीतरी सेवा असावी लागते. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हा भेद मांडला. पुढच्या निकालांत तो सैल झाला, पैसा आणि सेवा यांचं माप तंतोतंत जुळायला हवं असं आता नाही, पण संबंध असावा लागतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. त्यात विकास शुल्काचं प्रकरण १९९२ साली घातलं गेलं. बांधकामाची किंवा जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी घेताना ते भरायचं, आणि पालिकेने सार्वजनिक सुविधांवर खर्च करायचं. इमारत उठली की रस्ता, गटार, पाणी यांवर भार येतो, त्याची ही भरपाई. म्हणून मला इथे ‘शुल्क’च योग्य वाटतं. ‘आकार’ म्हणजे आकारणी करून ठरवलेली रक्कम, सातबाऱ्यावर असतो तोच. तो किती ते सांगतो, कशासाठी ते सांगत नाही.

– पण ‘शुल्क’ तरी कुठे इतकं स्वच्छ आहे? मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क हे करच. कौटिल्याचा शुल्काध्यक्ष तर नगराच्या वेशीवर मालावर वसुली करायचा, म्हणजे आपली जकात.

– मान्य. जुना अर्थ तोच, फीचा अर्थ मागाहून चिकटला. तरी ‘प्रवेश शुल्क’, ‘निःशुल्क’ म्हणताना आज आपल्या मनात मोबदलाच असतो.

अधिमूल्य मात्र वेगळंच. मूळ चटई क्षेत्र निर्देशांकापेक्षा (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येतं त्याचं माप) जास्त बांधायचं, तर त्या वाढीव हक्काची ती किंमत. जानेवारी २०२१मध्ये राज्य सरकारने अधिमूल्यं वर्षअखेरपर्यंत निम्मी केली आणि सवलत घेणाऱ्या विकासकांवर ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरण्याची अट घातली. विकली जाणारी गोष्ट असली की अशी सूट देता येते! महसूल खात्यात याच जातीच्या रकमेला अजून ‘नजराणा’ म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त बोलका वाटतो.

लिंगाचंही सांभाळा : कर आणि आकार पुल्लिंगी, शुल्क आणि अधिमूल्य नपुंसकलिंगी. ‘विकास शुल्क लावला’ नव्हे, ‘लावलं’.

– आभार. आम्हाला माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा आहे. सोसायटीसमोरचा रस्ता अजून कच्चाच आहे. नेमकं काय लिहू?

– ‘कर’ लिहिलंत तर मालमत्ता कराचे आकडे हाती पडतील. असं लिहा : ‘आमच्या प्रभागातील बांधकाम परवानग्यांच्या वेळी विकास शुल्कापोटी जमा झालेली रक्कम वर्षनिहाय किती, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा केली आणि कोणत्या कामांवर खर्ची पडली.’ अधिमूल्याचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात विचारा.