आत्याले वृद्धाश्रमात ठेवायचं आहे, फीसाठी सरकारकडून काही मिळते का?

वावरवाला_यवतमाळ
नमस्कार मंडळी. माही आत्या ७२ वर्षांची आहे, मूलबाळ नाही, मामाजी वारले त्याले ९ वर्षं झाली. दिवाळीच्या आधी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण तेव्हापासून वॉकरशिवाय पाऊल उचलत नाही आणि आंघोळ-संडासले माणूस लागतेच. सध्या आमच्याकडेच आहे. मी एमआयडीसीत कंत्राटी कामाले, बायको कापूस वेचाले जाते, पोट्टे शाळेत, म्हणजे दुपारभर आत्या एकटी. परवा घरी आलो तर ओल्या लुगड्यात तशीच बसून होती, म्हणे कोणाले आवाज देऊ बाबू. लय वाईट वाटलं.
अमरावतीच्या एका खाजगी वृद्धाश्रमात विचारलं तर सांभाळणाऱ्या बाईसहित महिन्याचे १४ हजार, डिपॉझिट वेगळं. माहा पगार १६ हजार. कोणी म्हणते संजय गांधी निराधार योजनेतून होते, कोणी म्हणते श्रावणबाळ पेन्शन योजनेतून. आत्याच्या नावावर २ एकर कोरडवाहू आहे, दिराची पोरं वाहतात, एक रुपया देत नाहीत. नेमकं काय करावं?

सेतूवाली
दादा, आधी खरं तेच सांगते म्हणजे चकरा वाचतील. खाजगी आश्रमाची फी सरकार भरेल अशी योजना आपल्याकडे नाही. जे मिळते ते आत्याच्या खात्यात येते, मग ते तुम्ही कशालाही वापरा.
वय ६५ च्या वर आहे म्हणून अर्ज श्रावणबाळचा करायचा, संजय गांधीचा नाही. महिन्याला १५०० रुपये, जुलै २०२३ पासून, त्याआधी १००० होते. अडतं कुठे तर उत्पन्नाच्या दाखल्यात. वर्षाला २१ हजाराच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १७५०, आता एवढ्यात कोण जगते सांगा, पण अट आहे तर आहे. आत्याचं रेशन कार्ड वेगळं असेल तर तेच लावा, तुमच्या कार्डात नाव चढवलं असेल तर तुमचा पगार मधात येईल, हे तलाठ्याशी बोलून घ्या. आणि १५ वर्षांचा रहिवासी दाखला.
दुसरं, पैसे आता आधारवरून थेट जमा होतात, म्हणजे शेवटचं आधार ज्या बँकेत जोडलं त्याच खात्यात. माझ्याकडे एक आजी ४ महिने विचारत होत्या की पैसे का येत नाहीत, पैसे येतच होते, पण दुसऱ्या बँकेच्या जुन्या खात्यात. त्यांचा ठसाही उमटत नव्हता, जन्मभर कापूस वेचून बोटं पार गुळगुळीत झालेली, फडक्यानं पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं, शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं. आत्यांना नेण्याआधी हे विचारून जा, दुखऱ्या पायानं दोनदा नेऊ नका.

गावचा_पोरगा
राग मानू नका भाऊ पण आपल्या माणसाले आश्रमात टाकणं बरं दिसत नाही. गावात लोकं नावं ठेवतात.

निवृत्त_गुरुजी
अरे बाबा, नावं ठेवणारे दुपारी येऊन त्या माउलीचं लुगडं बदलून देतात का? तो पोरगा पोटच्या पोरासारखं करतो आहे. उगाच त्याला टोचू नका.
वावरवाले भाऊ, खाजगीच्या आधी अनुदानित वृद्धाश्रम पहा. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात यादी मिळते. आपल्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत डोलामहाराजांच्या नावाचा आश्रम आहे, तिकडे अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबांच्या नावाचा आहे. १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम योजनाही आहे, त्यात गरिबाला फुकट. पण जाण्याआधी एक गोष्ट फोनवर पक्की करा. पुष्कळ ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यालाच घेतात, अंथरुणावरचा माणूस घेत नाहीत. मी माझ्या मोठ्या बहिणीसाठी ३ ठिकाणी फिरलो, दोन ठिकाणी पहिला प्रश्न हाच, संडासला एकट्या जातात का. म्हणून आधी फिजिओथेरपी करून वॉकरवर बऱ्यापैकी चालत्या होऊ द्या, मग विचारा. १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत नंबर आहे, तिथेही माहिती देतात.
कमोड खुर्ची आणि वॉकरसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३००० रुपये एकदाच मिळतात, उत्पन्न २ लाखाच्या आत पाहिजे, बिल जपून ठेवा. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्डही काढा, ५ लाखाचं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच चालते, सांभाळण्यासाठी नाही.

काळा_कोट
सगळे पेन्शनच्या मागे लागले, पण खरा पैसा त्या २ एकरात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मूलबाळ नसलेल्या माणसाला, त्याची जमीन ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून पोटगी मागता येते. अर्ज एसडीओ म्हणजे प्रांत साहेबाकडे, महिन्याला १० हजारापर्यंत, वकील लावायची गरज नाही. आत्या स्वतः जाऊ शकत नसतील तर त्यांनी सांगितलेला माणूस अर्ज देऊ शकतो. दिराच्या पोरांनी वावर वाहायचं आणि तुम्ही एकट्यानं सोसायचं, हे काही बरोबर नाही. नोटीस गेली की बहुतेक वेळा लोकं घरी येऊन बोलायला तयार होतात. ते मक्ता, म्हणजे वावराचं भाडं, द्यायला तयार झाले तर लेखी घ्या, नाहीतर दुसऱ्याला मक्त्यानं द्या.
आणि आत्यांना कोणाच्याही नावे बक्षीसपत्र करू देऊ नका, तुमच्या नावेही करायचं असेल तर त्यात मरेपर्यंत सांभाळायची अट लिहूनच करा. ती अट असली आणि पाळली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

वावरवाला_यवतमाळ
सगळ्यांचे लय लय आभार. आत्याले आता वाचून दाखवलं. पोटगीचं ऐकून पहिले नाहीच म्हणाली, म्हणे दिराची पोरं माह्या मांडीवर खेळली, त्यांच्यावर केस करू का. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, मक्ता मांग, केस नको करू. म्हणून रविवारी पहिले त्यांच्याकडे जाऊन बसतो, सोबत गुरुजीसारखे गावातले दोन मोठे माणसं नेतो. सोमवारी तहसील. रेशन कार्ड आत्याचं वेगळंच आहे.
ताई, उत्पन्नाच्या दाखल्याले आत्याले स्वतः यावं लागते का?

सेतूवाली
नाही, दाखल्याला तुम्ही कागदं घेऊन या. ठशासाठी लागलं तर सकाळी १० च्या आधी आणा, तेव्हा गर्दी नसते, मी बाहेर ऑटोपर्यंत मशीन घेऊन येते.