शब्दचर्चा: 'आघात', 'धसका' आणि 'आनुवंशिक दुवा'

प्रश्न
एका वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतेय. शीर्षक जमवलं: 'आघातजन्य विकार आणि निद्रा-वर्तन विकार यांतील आनुवंशिक दुवे'. बहिणीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे बाप झोपेत लाथा झाडत असेल तर पोराला आघात होणार?" कुठे चुकतंय?

प्रतिसाद
बहीण बरोबर आहे. 'आनुवंशिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घराणं येतं, आणि 'दुवा' म्हटलं की साखळीची एक कडी. असल्या अभ्यासात मात्र एकमेकांशी नातं नसलेल्या लाखो माणसांच्या जनुकांतले बारीक फरक मोजतात. जे फरक एका विकाराकडे झुकवतात तेच दुसऱ्याकडेही झुकवतात का, एवढंच पाहायचं असतं. आघातोत्तर ताणविकाराच्या (म्हणजे पीटीएसडी, तुमच्या शीर्षकातला 'आघातजन्य विकार') २०२४मधल्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या ९५ जागा सापडल्या, पण एकेकीचा वाटा चिमूटभर. त्यात कडी कुठली शोधणार? 'जनुकीय सहसंबंध' म्हणा. रुक्ष आहे, पण दिशाभूल करत नाही.

(जाता जाता: 'आनुवंशिक'मधला पहिला 'आ' तुम्ही बरोबर लिहिलात. बहुतेक जण 'अनुवंशिक' लिहितात.)

प्रश्नकर्ती
आणि 'आघात' ठीक आहे ना?

प्रतिसाद
चालतो, पण अर्थ थोडा सरकतो. ट्रॉमा हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जखम. आपला 'आघात' हन् धातूवरून आलेला, म्हणजे घातलेला घाव. घाव ही घटना झाली, जखम ही मागे उरणारी गोष्ट. या उरणाऱ्या गोष्टीला मराठीत फार नेमका शब्द आहे: धसका. एकाच अपघातातून दोघं वाचतात. एक जण महिन्याभरात पुन्हा गाडी चालवू लागतो. दुसऱ्याने धसका घेतलेला असतो. वर्षभरानंतरही करकचून लागलेला ब्रेक ऐकला की तो ताडकन उठून बसतो. आघात दोघांनाही झाला, धसका एकाने घेतला. जनुकांचा प्रश्न येतो तो मुख्यतः इथे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या अमेरिकन जुळ्यांचा अभ्यास १९९३ साली आला. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव किती, हे हिशेबात धरूनही लक्षणांतल्या फरकाचा साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा जनुकांकडे गेला.

प्रतिसाद
'धसका' शीर्षकात नको हो, हलकं वाटेल. लेखाच्या पोटात जरूर वापरा.

प्रतिसाद
मला 'वर्तन' खटकतंय. गैरवर्तन, सद्वर्तन असे शब्द कानात असल्यामुळे माणूस मुद्दाम काही करतोय असं वाटतं. निद्रा-वर्तन विकारात बिघाड असतो तो शरीराच्या ब्रेकचा. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत एरवी स्नायू लुळे पडलेले असतात. ते लुळेपण गेलं की स्वप्नातला पाठलाग पलंगावर सुरू होतो: ठोसे, लाथा, शिव्या, कधी शेजारच्याचा गळा. शेंक आणि माहोवाल्ड या झोपेच्या अभ्यासकांनी १९८६मध्ये याची रीतसर नोंद केली. झोपेत चालणं वेगळं: ते रात्रीच्या पहिल्या टप्प्यातल्या गाढ झोपेत घडतं आणि सकाळी सहसा आठवत नाही. हे बहुतेक उत्तररात्री होतं, कारण रेम झोप तेव्हा जास्त. आपली साखरझोप म्हणतात ना, नेमकी तीच वेळ! आणि तेव्हा जागं केलं तर माणूस स्वप्न सांगतो.

शीर्षकापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मूळ लेख नक्की कशाबद्दल आहे ते पाहा. आघातोत्तर ताणविकाराशी जनुकीय सहसंबंध ठळक दिसतो तो निद्रानाशाचा. रेम झोपेतल्या या विकाराची ठाऊक असलेली जनुकं, उदाहरणार्थ अल्फा-सिन्युक्लीन या मेंदूतल्या प्रथिनाचं, पार्किन्सन या कंपवाताच्या आजाराकडे बोट दाखवतात. धसका घेतलेल्या माजी सैनिकांत झोपेतली हाणामारी जास्त दिसते हे खरं, पण एकत्र दिसणं वेगळं आणि जनुकं सामाईक असणं वेगळं. 'निद्राविकार' म्हणून सगळं एका पोत्यात भरलंत तर ही गफलत मराठीत कुणालाच कळणार नाही.

प्रश्नकर्ती
पाहिलं. लेखात दोन्ही आहेत आणि आकडे निद्रानाशाचे आहेत! मग शीर्षक असं करते: 'आघातोत्तर ताणविकार आणि झोपेचे विकार: जनुकीय सहसंबंध'. आतमध्ये 'निद्रानाश' आणि 'स्वप्नात हातपाय झाडण्याचा विकार' असे वेगळे ठेवते. एक राहिलं: 'बरळणे' या दुसऱ्यात धरायचं का?

प्रतिसाद
लक्षण म्हणून धरा. नुसतं बरळणाऱ्याला मात्र हा विकार चिकटवू नका.