मदत हवी आहे: बीएला समाजशास्त्र मेजर घेऊ का? (जळगाव जिल्हा)

चोपडेकरीण

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली, बीए करतेय, कॉलेज उमविशी (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी) संलग्न. मेजर, म्हणजे मुख्य विषय कळवायची मुदत जवळ आलीय. मला समाजशास्त्र घ्यायचंय आणि अप्पांचं एकच पालुपद, "हाई शिकीसन काय करशी?" बीएड करून मी शाळेवर लागावं असं त्यांना वाटतं. कापसाच्या भावावर चालणाऱ्या घरात त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही.

गोडी लागली ती एनएसएसच्या हिवाळी शिबिरात. सातपुड्यातल्या एका पाड्यावर घरोघर सर्व्हे होता. फॉर्मचा पहिलाच रकाना, 'कुटुंबातील एकूण व्यक्ती'. पावरा या आदिवासी समाजातल्या एका मावशींनी उलट मलाच विचारलं, दिवाळीआधीची सांगू की नंतरची? दिवाळी झाली की अर्धं घर ऊसतोडीला गुजरातेत. त्या दिवशी दारात होत्या फक्त त्या, एक म्हातारे बाबा आणि लहान पोरं. सरांनी तिथल्या तिथे पेनाने रेघ मारून एका रकान्याचे दोन करायला लावले.

तर प्रश्न असे: नोकरी खरंच मिळते का, एमए कुठून करावं, आणि हा विषय घेऊन बीएडची वाट बंद होते का? 'आवड असेल तर कर' एवढंच सांगू नका, ते मैत्रिणी सांगतातच.

रावेरचा मास्तर

बेटा, बीएडपुरतं अप्पांचं खरं आहे. दहावीपर्यंत समाजशास्त्र नावाचा विषयच नाही. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल आहे. त्यामुळे बीएडला अध्यापन पद्धती निवडताना आणि पुढे जाहिरात निघाली की अडतं. अकरावी-बारावीला विषय आहे, पण तिथे एमए आणि बीएड दोन्ही लागतं आणि जागा मोजक्या. (अनुदानित जागेचा विषय निघाला की संस्थाचालक काय बोलतात, ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको.) मेजर समाजशास्त्र घ्यायचंच असेल तर मायनर, म्हणजे दुय्यम विषय इतिहास किंवा भूगोल ठेव. वाट उघडी राहते.

तापीकाठ

मी समाजशास्त्रात एमए केलंय, सध्या नंदुरबारला एका संस्थेच्या कुपोषणावरच्या प्रकल्पात आहे. सरळ सांगतो: 'समाजशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात निघत नाही. निघते ती सर्वेक्षक, संशोधन सहायक, तालुका समन्वयक अशी. आणि बहुतेक कामं प्रकल्पापुरती. प्रकल्प संपला की करार संपला, पुन्हा बायोडेटा फिरवा. हे अप्पांना आधीच सांगून ठेव.

मुलाखतीत मला मार्क्स-वेबर, म्हणजे पुस्तकातले विचारवंत, कोणी विचारले नाहीत. विचारलं ते एक्सेल येतं का, प्रश्नावली बनवता येते का, धडगाव-अक्कलकुव्याला मुक्काम करशील का, आणि पावरी बोली कळते का. थिअरीचा उपयोग नंतर कळला. तुझ्या त्या मावशींचं उत्तर ऐकून रकाना बदलायचा की त्यांनाच 'एकच आकडा सांगा' म्हणून दटावायचं, फरक तिथे पडतो. ऊसतोडीचं स्थलांतर, सरदार सरोवराचे विस्थापित, २००६ च्या कायद्याखालचे वनहक्काचे दावे, एवढं सगळं तुझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईची मुलं हेच बघायला इकडे येतात.

एमएसाठी पुणे आणि मुंबई विद्यापीठ आहेच. मुंबईचा विभाग १९१९ चा, देशातल्या अगदी जुन्यांपैकी. टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) तुळजापूर केंद्र ग्रामीण विकासासाठी चांगलं, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. लोकसंख्या आणि आकडेवारीकडे ओढा असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था बघ, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते.

एक गल्लत मात्र करू नकोस. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) वेगळं आणि समाजशास्त्राचं एमए वेगळं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक व्हायचं डोक्यात असेल तर त्या जाहिराती एमएसडब्ल्यू मागतात.

धुळ्याचा अभ्यासू

एमपीएससीचं कोणीच बोललं नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक झालीय आणि वैकल्पिक विषय आलाय. दोन पेपर, ५०० गुण. समाजशास्त्र त्यात आहे, अभ्यासक्रम तुलनेने आटोपशीर. पण पदवीचा आणि वैकल्पिकचा विषय एकच हवा असं काही नाही, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी मेजर घेऊ नकोस. प्राध्यापकीसाठी एमएला ५५ टक्के (आरक्षित वर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. त्यानंतरही बरीच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तासिका घेत बसलेले दादा आमच्या अभ्यासिकेत आहेत. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर गोष्ट वेगळी.

चोपडेकरीण

सगळ्यांचे आभार, मास्तरांचे जास्त, कारण मायनर भूगोल म्हटल्यावर अप्पा निदान ऐकून तरी घेतायत. तापीकाठदादा, पावरी थोडी समजते, बोलता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे बिनपगारी का होईना काम करायला आले तर चालेल का? राहायची सोय मात्र लागेल, नाहीतर घरून सोडणार नाहीत.