बालीच्या देवळात आपण भिंतीबाहेर का थांबावे?

पायरीवरचा:
गेल्या महिन्यात आईला घेऊन प्रथमच बालीला जाणे झाले. अगुंग पर्वताच्या उतारावरील बेसाकीह हे तेथील सर्वांत मोठे देवस्थान. कमरेला सारोंग गुंडाळून आणि वरून शेला बांधून आम्ही दुभंगलेल्या दगडी दरवाजापर्यंत पायऱ्या चढलो. परंतु मुख्य अंगणात फक्त उपासकांनाच प्रवेश असल्याचे सांगून वाटाड्याने आम्हाला भिंतीच्या कडेकडेने फिरवले. भिंतीवरून आतील अकरा छपरांचे, काळ्या काथ्याने शाकारलेले मेरू (मनोऱ्यासारखी देवळे) आणि तीन उंच दगडी आसने दिसत होती. आसने मात्र रिकामी होती. आईने तेथूनच हात जोडले आणि विचारले, “अरे, पण देव कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. माझे मत असे की, जन्माने हिंदू असलेल्या माणसाला परदेशी पर्यटकांच्या रांगेत उभे करणे योग्य नव्हे. आपले मत काय?

ताडपान:
आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा मुद्दा तोच आहे. त्या आसनाला तेथे पद्मासन म्हणतात आणि ते रिकामे असणे हेच त्याचे प्रयोजन आहे. बालीतील देव देवळात बारमाही मुक्कामाला नसतो. बहुतेक देवळांत २१० दिवसांनी येणाऱ्या ओदालान या उत्सवात त्याला आवाहन करून खाली बोलावतात, एरवी बंद ठेवलेल्या लहान प्रतिमा बाहेर काढतात आणि उत्सव सरला की देवाला निरोप देतात. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजा करणाऱ्या आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही.

उबुडजवळच्या एका गावात ओदालानच्या संध्याकाळी मी आत गेलो होतो. दाराशी असलेल्या माणसाने माझा धर्म विचारला नाही. प्रार्थनेला बसणार का, एवढेच विचारले. होय म्हटल्यावर त्याने माझ्या डोक्याला उदेंग बांधून दिला. आधी रिकाम्या ओंजळीने, मग बोटांच्या टोकांत फूल धरून, पुन्हा रिकाम्या ओंजळीने, असा पाच वेळा नमस्कार झाला. नंतर पुजाऱ्याने तीर्थ शिंपडले, तीनदा प्यायला दिले आणि भिजवलेले तांदूळ कपाळावर लावायला दिले. ते तांदूळ घरी येईपर्यंत सुकून एकेक गळत होते.

चंद्रभागेकाठचा:
आपला अनुभव सुंदर आहे, पण तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बालीतल्याच तीर्त एम्पुल या देवळातील पवित्र झऱ्याखाली कोणीही तिकीट काढून, भाड्याचे वस्त्र नेसून उतरू शकतो. तेथे पवित्र जलात पर्यटक चालतो आणि दुसऱ्या देवळात हात जोडून उभी असलेली म्हातारी चालत नाही, यात मला सुसंगती दिसत नाही. शिवाय प्रवेशद्वाराशी मासिक पाळी असलेल्या स्त्रियांना मज्जाव करणाऱ्या पाट्या असतात, त्या वाचून माझी मुलगी बाहेरच थांबली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. त्या परंपरेतल्या माणसाने कोणत्याही देवळाच्या बंद दाराचे समर्थन करू नये.

ताडपान:
पाटीबद्दल आपल्याशी वाद नाही; तेथे सुतकातील पुरुषालाही बाहेर राहावे लागते हे खरे असले, तरी त्याने मुलीचे समाधान होणार नाही. साने गुरुजींचा दाखला मात्र उलटा लागला आहे. पंढरपुरात भक्ताला जन्म पाहून अडवले जात होते. येथे धागाकर्ते जन्म दाखवून आत जाऊ पाहत आहेत.

आणखी एक गोष्ट. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर १९५० च्या दशकात आपला धर्म हा खरोखर धर्म आहे, हे बालीच्या लोकांना सरकारला पटवून द्यावे लागले: एकच परमेश्वर कोठे आहे, धर्मग्रंथ कोणता, अशी विचारणा होत होती. त्या खटपटीतूनच १९५९ साली त्यांची परिसदा, म्हणजे हिंदूंची धार्मिक परिषद, स्थापन झाली. आज लाउडस्पीकरवरून दिवसातून तीनदा ऐकू येणाऱ्या त्रिसंध्या या प्रार्थनेची सुरुवात गायत्री मंत्राने होते. अशा लोकांकडे जाऊन ‘मूर्ती कुठे, गाभारा कुठे’ अशी तपासणी आपण तरी करू नये.

चंद्रभागेकाठचा:
तपासणी कोणी केली नाही. एका वृद्ध बाईने देव कुठे आहे, असे विचारले. (विठोबाच्या पायांवर डोके ठेवायची सवय असलेल्या माणसाला भिंतीवरून दर्शन पुरत नाही, हा काही गुन्हा नव्हे.) तीर्त एम्पुलचे उत्तर अजून मिळालेले नाही.

पायरीवरचा:
‘जन्माने हिंदू’ हे शब्द मी मागे घेतो. ते लिहिताना त्यांचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. परंतु आम्हाला दाराशी ‘प्रार्थना करणार का’ असे कोणी विचारलेच नाही. वाटाड्याने चेहरा आणि गळ्यातला कॅमेरा पाहून परस्पर ठरवले. माझी तक्रार तेवढ्यापुरती कायम आहे. ताडपान यांचे पहिले उत्तर आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “विसर्जनाहून पाट रिकामाच घरी येतो, तरी आपण त्याच्यापुढे दिवा लावतोच की.” आता पुढच्या वेळी ओदालान कोणत्या तारखेला येतो ते पाहून तिकिटे काढ, असे तिने बजावले आहे. तिला गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही; तेथे खुर्ची चालते का, हे ताडपान यांनी कृपया कळवावे.