गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी करायचं?

सेक्रेटरी (ए-५०२): कॉन्ट्रॅक्टर गच्चीच्या कामाला ७ जून म्हणतोय. चालेल ना?

सतीश (बी-३०३): चालेल की. मे आत्तापर्यंत गारच गेला, चार वळीव पडले. जमीन तापलीच नाही, मान्सून येणार कशाला? यंदा उशीर पक्का.

लेले काकू (सी-१०१): सतीश, २०२५ च्या मेमध्येही तू हेच म्हणाला होतास. २६ मेला पुण्यात मान्सून हजर, आणि पार्किंगमध्ये तुझीच स्कूटर पाण्यात 😄

सतीश: काकू 🙏 शाळेत तर हेच शिकवलं होतं!

लेले काकू: अर्धंच शिकवलं. तापायला हवी ती कोथरूडची माती नव्हे रे. कमी दाबाचा पट्टा धरतो तो राजस्थान-पाकिस्तानच्या वाळवंटावर, शिवाय तिबेटचं पठार तापतं. खरी ओढ तिकडची. सिमला ऑफिसात, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्यात, जन्म गेला माझा हेच नकाशे बघण्यात.

सई (बी-६०१): मग आपल्याकडच्या ओल्या मातीने काहीच होत नाही?

लेले काकू: होतं तर. आत्ता गच्चीवर जा. माझी तुळशीची ओली कुंडी आणि शेजारची कोरड्या मातीची, दोन्हीत बोट खुपसून बघ. ऊन तेच. पण ओल्या मातीत बरंचसं ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. त्यामुळे हवा कमी तापते, पण दमट होते. मेमध्ये वायव्येकडून जी कोरडी हवा येते ना, ती ढगांना वाढू देत नाही. खालून वाफ मिळाली की ढग उंच चढतात, कोरडी हवा हटत जाते. म्हणजे ओल एकीकडे ओढ कमी करते आणि दुसरीकडे मान्सूनची वाट मोकळी करते.

सतीश: म्हणजे लवकर की उशिरा? एक काय ते सांगा.

लेले काकू: एवढ्यावरून नाही सांगता येत. समुद्रावरचे वारे काय करतात तेही बघावं लागतं.

गायकवाड (डी-२०२): आणि आला म्हणजे टिकला असंही नाही. २०२५ लाच मेअखेर जो अडकला, तो जूनच्या मध्यापर्यंत विदर्भात पुढे सरकेना. यवतमाळला भावाने वळवाच्या ओलीवर कपाशी लावली. दुबार पेरणी झाली.

सई: काकू, कोरड्या कुंडीत बोट ठेववत नाही! तुळशीची चक्क गार आहे.

सेक्रेटरी: कॉन्ट्रॅक्टरला २० मे कळवतोय. सई, गच्चीची किल्ली वॉचमनकडे दे.